पाल (घरातील)

सरीसृप वर्गातील गेकोनिडी कुलाचा, माणसाच्या वस्तीत बिनधास्त राहणारा हा छोटा निशाचर प्राणी आहे. मराठीत सगळ्यांना सरसकट ‘पाल’ म्हणत असले, तरी एकाच घराच्या भिंतींवर एकाहून अधिक जातींच्या पाली असू शकतात. भारतातील बहुतेक घरपाली हेमिडॅक्टायलस या प्रजातीत (जवळच्या नात्यातील जातींच्या गटात) मोडतात. ‘अर्धे बोट’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव आले असून, बोटांखालच्या आडव्या पट्ट्या मधोमध दुभागलेल्या असतात, हे त्याचे कारण. हेमिडॅक्टायलस फ्रेनेटस (संक्षेपाने हे. फ्रेनेटस) आणि पिवळसर पोटाची हे. फ्लॅव्हिव्हिरिडिस या विशेष परिचयाच्या जाती होत.

पाल छतावर उलटी कशी चालते, हा प्रश्न फार जुना आहे. झाडावर डोके खाली करूनही तिला धावता येते, याची नोंद ॲरिस्टॉटलने केली होती. तिच्या तळव्याला डिंकासारखा चिकट स्राव नसतो, आणि हवा शोषून चिकटणाऱ्या वाट्याही नसतात. बोटांखालच्या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केसांचे दाट आवरण असते. या बाबतीत सर्वाधिक अभ्यास झालेल्या ‘टोके’ (tokay) नावाच्या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर असे सुमारे ५ लाख केस असतात, आणि प्रत्येक केसाचे टोक शेकडो चपट्या तंतूंत विभागलेले असते. हे तंतू पृष्ठभागाला इतके भिडतात की रेणूरेणूंमधील अत्यंत क्षीण असे व्हान डर वाल्स आकर्षणही एकत्रितपणे पालीचे वजन सहज पेलते. संशोधक केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एका सुट्या केसाचे बल मोजले, आणि २००२ मध्ये या आकर्षणाचा पुरावा मांडला. चिकटण्याइतकेच सुटणेही महत्त्वाचे असते. पाल बोटे टोकाकडून वर वळवून, चिकटपट्टी सोलावी तशी, उचलते; केसाचा पृष्ठभागाशी असलेला कोन वाढला की पकड आपोआप सुटते. कोरड्या टेफ्लॉनवर मात्र तिचे पाय घसरतात. सिंहगडाच्या आख्यायिकेतील घोरपडीची येथे अनेकांना आठवण होईल, पण घोरपडीच्या पायांना असे केस नसतात; तिची सगळी भिस्त नख्यांवर असते.

संकटात सापडलेली पाल शेपूट टाकून पळते, तेव्हा शेपूट ओढली जाऊन तुटलेली नसते. शेपटीच्या मणक्यांतच ठरावीक कमकुवत जागा असतात आणि तेथील स्नायू आकुंचित करून पाल ती स्वतः तोडते. तुटलेला तुकडा काही वेळ वळवळत राहतो आणि शत्रूचे लक्ष त्याच्याकडे जाते. नवी शेपूट येते, पण तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो. शेपटीत चरबीचा साठाही असल्यामुळे हा सौदा पालीला स्वस्त पडत नाही.

घरपालीला मिटता येणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावरील पारदर्शक आवरण ती जिभेने चाटून स्वच्छ करते.

बहुतेक सरडे मुके असतात. पाल मात्र आवाज काढते, आणि त्याचा उपयोग मुख्यतः हद्द सांगण्यासाठी व जोडीदाराशी संपर्कासाठी होतो. मराठीने हा आवाज ‘शंकेची पाल चुकचुकली’ या वाक्प्रचारात कायमचा नोंदवून ठेवला आहे. अंगावर पाल कोठे पडली यावरून शुभाशुभ फळ सांगणारे पल्लीपतनाचे कोष्टक जुन्या पंचांगांत आढळते.

पाल विषारी असते, हा समज निराधार आहे. तिच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू अन्नात जाऊ शकतात, एवढी काळजी रास्त ठरते. विष्ठेचे पांढरे टोक युरिक आम्लाचे असते. पाल घालवण्यासाठी भिंतीवर मोरपीस लावण्याची रीत आहे, परंतु दिव्याभोवती किडे जमत असतील तोवर पालीने मोरपिसाला का भ्यावे, हे सांगणे कठीण आहे.

मादी सहसा एका वेळी कठीण कवचाची दोन अंडी घालते. ती तसबिरीमागे किंवा भिंतीच्या फटीत सापडतात. कवच कठीण असल्याने ती लवकर सुकत नाहीत. मालासोबत जहाजांतून होणारा प्रवासही त्यामुळे साधतो, आणि मूळची आशियातील हे. फ्रेनेटस आज पॅसिफिक बेटे, ऑस्ट्रेलिया व अमेरिका खंडांत पसरली आहे. पॅसिफिक बेटांवर दिव्यांच्या उजेडात जमणारे किडे पटकावण्यात ती नराविना प्रजनन करणाऱ्या तिथल्या पालीला भारी पडली.

या प्रजातीतील सर्वच जाती भिंतीवरच्या नाहीत. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी व ॲरन बावर यांनी २००८ साली वर्णन केलेली हे. सातारेन्सिस ही जमिनीवर वावरणारी आहे आणि दिवसा दगडांखाली आसरा घेते.