नळी बदलायची म्हणजे नेमकं काय बदलायचं?

१८१०मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचंच पुढे लष्कर हे शहर झालं. तिथल्या मराठी घरांत पणजोबांची दुनळी बंदूक अजून सापडते. नळीवर गंज दिसला की घरचं कोणीतरी सहज म्हणतं, ‘नळी तेवढी बदलून घेऊ.’ ते इतकं सहज का नाही, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

ठासणीच्या बंदुकीत नळी दस्त्याच्या लाकडावर पाचरीनं अडकवलेली असे. १८३०च्या दशकात लफोशो या फ्रेंच कारागिराची मधून मोडणारी, मागून काडतूस भरायची बंदूक आली आणि नळीचं बूड बंदुकीच्या मुख्य सांगाड्याला घट्ट भिडू लागलं. दुनळीत तर दोन नळ्या डाख देऊन जोडलेल्या, पुढे किंचित जवळ येणाऱ्या, म्हणजे दोन्हींचा मारा एकाच जागी पडावा. कारागीर सांध्याला दिव्याची काजळी लावी, नळी बसवून काढी आणि काळा ठसा उमटेल तिथंच कानस फिरवी. ठसा सगळीकडे सारखा येईपर्यंत हेच. एका बंदुकीची नळी दुसरीला लागत नाही ती म्हणूनच. हौशी संस्थानिक नळ्यांच्या दोन जोड्या हव्या असतील तर बंदूक घडवतानाच सांगत.

जुन्या नळीवरची वळणदार नक्षी शोभेसाठी कोरलेली नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकलेल्या असत. ती नळी काळ्या दारूसाठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली, तसं एकसंध पोलाद रुळलं. कळकळीनं सांगतो, अशा नक्षीदार नळीत आजचं काडतूस घालू नका. वरून चकचकीत दिसली तरी ती आतून झिजलेली असू शकते, आणि नळी फुटली तर पहिला हात जातो.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुनी नळी बुडाशी कापून त्यात नव्या नळ्या बसवायची पद्धत रुळली. अशा बंदुकीची सरकारमान्य दाब-चाचणी पुन्हा होते आणि तसा शिक्का नळीवर उठतो. अमेरिकेत वाटच वेगळी निघाली. १९५०च्या रेमिंग्टन ८७० या बंदुकीत काडतुसामागचा अडसर अडकायची खाच नळीच्याच मागच्या टोकात दिली. दाब झेलणारा जोड नळीबरोबरच आला, त्यामुळे पुढची टोपी फिरवून नळी घरीसुद्धा बदलता येते. काजळी आणि कानस तिथं संपली.

आपल्याकडे मात्र १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच. नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो, आणि दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडेच करावी लागते. लष्कर शहरातल्या त्या दुनळीला हाच नियम लागू आहे.