उणे २५ला चालणारं शहर उणे २ला ठप्प का होतं?

कॅनडातल्या माँट्रिऑलमध्ये जानेवारीत पारा उणे २५ला गेला तरी मुलं शाळेत जातात, बस धावतात, माणसं कामावर पोचतात. फूटभर बर्फ पडला तर पुढे पातं लावलेले ट्रक तो रस्त्यावरून हटवायला लागतात. हेच शहर उणे १ किंवा उणे २ अंशाला मात्र हातपाय गाळून बसतं. अट एकच, त्या दिवशी बर्फाऐवजी पाऊस पडायला हवा.

हा फ्रीझिंग रेन, म्हणजे गोठणारा पाऊस. आपल्याकडच्या गारपिटीशी त्याची गल्लत करू नये. गारा ढगातच गोठतात आणि दणदणत आदळतात. हा पाऊस जमिनीपर्यंत पाणी म्हणूनच येतो, आवाजही साध्या रिमझिमीचा. गोठतो तो कशाला तरी टेकल्यावर.

हिवाळी ढगातून निघालेला हिमकण खाली येताना वाटेत, साधारण एक ते तीन किलोमीटर उंचीवर, उबदार हवेचा थर लागला तर तो वितळतो. त्याच्याखाली, जमिनीलगत, पुन्हा शून्याखालच्या हवेचा थर असतो. तो जाड असला तर थेंब हवेतच गोठतो आणि बर्फाचे दाणे टपटप उसळून बाजूला पडतात. थर काहीशे मीटरचाच असला तर गोठायला फुरसतच मिळत नाही. शाळेत आपण शिकतो की पाणी शून्याला गोठतं, पण ते अर्धसत्य आहे. स्फटिक बनायला सुरुवात करून देणारा धुळीचा योग्य कण नसेल, तर बारीक थेंब उणे ३५ अंशांपर्यंतही द्रव राहू शकतात. असा अतिशीत थेंब फांदीला, तारेला, पायरीला टेकला की गोठू लागतो.

‘गोठू लागतो’ असं मुद्दाम म्हटलं. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं. उणे ४ अंशांच्या थेंबाचा जेमतेम ५ टक्के भाग लगेच गोठतो, आणि त्यातून सुटलेल्या उष्णतेनं उरलेलं पाणी शून्यावर येतं. मग वारा ती उष्णता पळवून नेईपर्यंत हे पाणी पसरतं, ओघळतं, तारेला खालून वळसा घालतं आणि सावकाश घट्ट होतं. त्यामुळे थर पारदर्शक आणि एकसंध होतो, झटकून पडत नाही. रस्त्यावर तो दिसतही नाही. वर सतत नवं पाणी पडत असतं, आणि ओल्या बर्फाइतकं निसरडं दुसरं काही नाही. माँट्रिऑल ज्या क्युबेक प्रांतात आहे तिथे हिवाळ्यात गाडीला खास टायर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. ते टायर भुसभुशीत बर्फात उत्तम चालतात, इथे मात्र त्यांचीही पकड सुटते. लोक बुटांना लोखंडी खिळ्यांचे पट्टे बांधून, कुंपण धरधरून चालतात.

गोठताना सुटणाऱ्या या उष्णतेमुळे हा पाऊस एका अर्थी स्वतःचाच घात करतो. जमिनीलगतची हवा तापत जाते, शून्याच्या वर येते आणि काही तासांत साधा पाऊस सुरू होतो. बहुतेक ठिकाणी खेळ इथेच संपतो. माँट्रिऑलचं दुर्दैव भूगोलात आहे. एका बाजूला लॉरेन्शियन टेकड्या, दुसऱ्या बाजूला अ‍ॅपलेशियन पर्वत आणि मधून सेंट लॉरेन्स नदीचं लांबलचक खोरं. या खोऱ्यातून ईशान्येकडची थंड हवा खालून सरकत राहते, आणि दक्षिणेकडून, पार मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली दमट उबदार हवा तिच्यावर चढते. गारठ्याचा पुरवठा तुटत नाही, म्हणून पाऊस गोठायचा थांबत नाही.

जानेवारी १९९८मध्ये हे पाच-सहा दिवस चाललं. एरवी वर्षभरात तिथे ४५ ते ६५ तास असा पाऊस पडतो. त्या एका आठवड्यात ८० तासांहून जास्त पडला, माँट्रिऑलच्या दक्षिणेला तर १०० मिलिमीटरच्या वर.

विजेच्या तारांवर काय झालं असेल, याचं गणित मांडून पाहण्यासारखं आहे. अडीच सेंटिमीटर जाडीच्या तारेवर सगळीकडून अडीच सेंटिमीटर बर्फ चढला तर दर मीटरला साडेतीन किलो भार होतो. थर दुप्पट झाला की भार तिप्पट, साडेदहा किलोंवर जातो. तारा पेलणाऱ्या दोन मनोऱ्यांत ३०० मीटर अंतर धरलं तर एकेका तारेवर तीन टनांहून जास्त. मनोरा उभा असतो तो दोन्ही बाजूंचा ताण सारखा असतो म्हणून, रस्सीखेचीतल्या मधल्या रुमालासारखा. एक कोसळला की शेजारच्याचा तोल जातो, मग त्याच्या पुढच्याचा. शेकडो पोलादी मनोरे असेच रांगेनं वाकले, शिवाय सुमारे ३०,००० लाकडी खांब पडले. क्युबेकमधल्या १४ लाख वीजजोडण्या बंद पडल्या, काही गावांत महिनाभर.

खरी गोम इथे आहे. क्युबेकमध्ये जलविद्युत मुबलक आणि स्वस्त, म्हणून बहुतेक घरं विजेवरच तापतात. वीज गेली म्हणजे दिवा गेला आणि ऊबही गेली. पाऊस थांबल्यावर थंडी पुन्हा कडक झाली. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे घराघरांत नळ फुटायची भीती. काहींनी घरातच शेगड्या आणि जनरेटर लावले, आणि कार्बन मोनॉक्साइडनं जीव गेले. गारठूनही माणसं दगावली. माँट्रिऑलच्या पाणीशुद्धीकरण केंद्रांची वीज तुटली तेव्हा शहर पाण्याविना राहण्याच्या बेतात आलं होतं. गोठ्यांत दूधयंत्रं बंद पडली, काढलेलं दूध ओतून द्यावं लागलं. मेपलच्या बागांत, रसापासून गोड पाक (सिरप) करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली झाडं दुभंगली. सुमारे १५,००० सैनिक मदतीला उतरले. बुशरव्हिल गावानं तर रेल्वेचं इंजिन रुळांवरून उतरवून रस्त्यानं आणलं आणि त्याच्या विजेवर नगरपालिकेची इमारत चालवली!

त्यानंतर हायड्रो-क्युबेक या वीजकंपनीनं ठरावीक अंतरावर जास्त मजबूत मनोरे उभारले, म्हणजे पडझडीची रांग तिथे तुटावी. लेव्ही इथे मोठ्या वाहिन्यांमधून एकदिश (डीसी) प्रवाह सोडून त्या तापवण्याची आणि बर्फ पाडण्याची यंत्रणा बसवली. मोठ्या वाहिन्यांसाठी हे ठीक आहे. पण ५ एप्रिल २०२३ला पुन्हा असा पाऊस झाला आणि दहा लाखांहून जास्त जोडण्या तुटल्या. या वेळी घात झाला तो गल्लीबोळातल्या झाडांमुळे. बर्फानं जड झालेल्या फांद्या साध्या वितरण तारांवर मोडून पडल्या. या सगळ्या तारा जमिनीखाली न्यायच्या तर खर्च कित्येक पट, म्हणून फांद्या वेळेवर छाटणं हेच तिथल्या वीजकामगारांचं न संपणारं काम आहे.