बंधाऱ्याखालचा आडवा भोवरा

बंधाऱ्याखालच्या डोहात कोणी बुडाले, की साती आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांनी, ओढून नेले, असे पांझरा नदीच्या काठावर आजही बोलले जाते. पट्टीचा पोहणाराही तेथे बुडू शकतो, एवढा या समजुतीचा भाग खरा आहे. मात्र त्याचे कारण पाण्याच्या गतीत आहे.

पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवरील फड पद्धतीचे, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या सिंचनाचे, दगडी बंधारे काही शतकांपासून चालत आले आहेत. धरणाप्रमाणे पाणी साठवणे हे त्यांचे काम नव्हे. पाणी आपल्या उताराने पाटात शिरावे, एवढीच पातळी ते उंचावतात. पुढची वाटणी पाटकरी पाहतो आणि उरलेले पाणी माथ्यावरून खाली पडते.

दोन मीटर खाली पडणारे पाणी पायथ्याशी सेकंदाला सुमारे सहा मीटर वेगाने पोहोचते. त्याचा थर पाव मीटर जाडीचा असेल, तर त्याचा वेग त्या खोलीच्या पाण्यावरील लाटेच्या वेगाच्या जवळजवळ चौपट भरतो. या गुणोत्तराला फ्रूड अंक म्हणतात. तो एकाहून मोठा असलेला प्रवाह पुढच्या संथ पाण्याला भिडताच एकदम उसळून जाड होतो आणि त्याची बरीच ऊर्जा खळबळीत खर्ची पडते. आपल्या उदाहरणात उसळीनंतरची खोली गणिताने सुमारे सव्वा मीटर येते. खालच्या बाजूचे पाणी याहून उथळ असेल, तर उसळी पुढे सरकते आणि वेगवान पाणी नदीचा तळ खरवडते. ते याहून खोल असेल, तर मात्र उसळी भिंतीलगतच बुडते: पडणारी धार तळालगत पुढे निघून जाते आणि वरचे पाणी लाटण्यासारखे फिरत उलट भिंतीकडे येते.

हाच तो आडवा भोवरा. वरून तो फारसा भयंकर दिसत नाही, पण त्यात सापडलेला माणूस भिंतीकडे ओढला जातो, धारेखाली दाबला जातो, थोडा पुढे वर येतो आणि पुन्हा मागे खेचला जातो. त्यातच पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळल्याने त्याची घनता घटते व तरंगणे अवघड होते. जगातील सर्वांत वेगवान जलतरणपटूही सेकंदाला अडीच मीटरपेक्षा कमीच अंतर कापतो. म्हणून वाचवणाऱ्याने उडी न घेता काठावरून दोर फेकावा. आसरांना नारळ वाहून या प्रवाहाची दिशा बदलत नाही.