वडाच्या मुळांनाही वापसा लागतो

जळगाव-धुळ्याकडे बागेचं सुशोभीकरण निघालं की सगळ्यात आधी फरशी येते. जुन्या वडा-निंबाच्या बुंध्याला भिडवून सिमेंटचा पार, पुढे पेव्हर ब्लॉक, खोडाला गेरू-चुना. वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या शहरांमध्ये ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, ते तोडायला सहजी परवानगी मिळत नाही. गुदमरवायला मात्र परवानगी लागत नाही.

क्षार आत ओढायला मुळांना ऊर्जा लागते. पानांनी धाडलेली साखर जाळून ती मिळते, पण जाळायला लागणारा ऑक्सिजन मातीतल्या पोकळ्यांतून यावा लागतो. मातीत ओल आणि हवा दोन्ही असतात, ती स्थिती म्हणजे वापसा. हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे १०,००० पट हळू पसरतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांच्या पेशी किण्वनावर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर मोडण्यावर येतात: ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशीतली ऊर्जा वाहून नेणारे) तिसेक रेणू मिळायचे, तिथे फक्त दोन. श्वास मंदावला की मुळांच्या पेशींतली पाण्याची दारंही मिटतात. म्हणून चिखलात उभं झाड कोमेजतं, आणि माळी आणखी पाणी सोडतो!

आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज भरपूर. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, छिद्रं मिटतात. उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यांनी बारीक मुळं तुटतात हे खरं, पण हवाही तिथूनच खोल जाते. फरशीखाली रोलर फिरवला की मोठ्या पोकळ्या दबतात, वरून भेगाही झाकल्या जातात.

पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो असा फलक कितीतरी बागांत दिसतो. उजेड नसेल तर प्रकाशसंश्लेषण नाही. रात्री पिंपळही ऑक्सिजन घेतोच.

उपाय महागडा नाही. बुंध्याभोवती निदान एक मीटर फरशी उखडावी. मोठ्या वडाला ते कमीच. उखडताना जेसीबी नको, पहार वापरावी, कारण अन्न घेणारी बरीचशी मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. बुंध्यावर चढलेला भराव काढावा, नाहीतर साल कुजते. फांद्यांच्या घेराखाली एकमेकांपासून सुमारे एक मीटर अंतरावर दोन इंच रुंद, दीड-दोन फूट खोल भोकं पाडून त्यांत जाड वाळू आणि कुजलेलं खत भरावं. वाटेत जाड मूळ लागलं तर भोक सरकवावं. वर तीन-चार इंच पालापाचोळा, खोडापासून वीतभर दूर. ही भोकं वापशावरच पाडावीत. ओल्या काळ्या मातीत पहार फिरली की भोकाच्या भिंती लिंपल्या जातात आणि हवा आत जात नाही.