समोर कोण बसणार?

वेंगुर्ल्याजवळच्या एका कौलारू घरी, जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी, आम्ही दहा-बारा जण गेली काही वर्षं जमतो. कोणी मुंबईहून रात्रीच्या गाडीने सावंतवाडी रोडला उतरतं, कोणी कोल्हापूरहून घाट उतरून येतं, दोघं-तिघं पणजीहून. प्रत्येकाकडे कपड्यांच्या बॅगेपेक्षा जास्त जपलेला एक डबा असतो. आत फोमच्या खाचांत बसवलेले बोटाच्या पेराएवढे सैनिक, पायांवर चालणारे रणगाडे, तळहातावर मावणारी अवकाशयानं. खळ्यातल्या मांडवाखाली टेबलं जोडायची आणि अजून न आलेल्या शतकांतल्या लढाया दोन दिवस खेळायच्या.

पहिल्या वर्षी घरच्या काकींनी चष्मा लावून एक सैनिक निरखला. "ह्यां रंगवूक किती दीस लागले तुका?" म्हटलं, दोन संध्याकाळी. "आणि खेळतंस कोणावांगडा?"

खरा प्रश्न हाच आहे: खेळायचं कोणाबरोबर? या खेळाचा दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे समोर बसणारा शोधण्याचा इतिहास, असं माझं मत आहे.

सैन्याचं रूप पटावर आणण्याची कल्पना आपल्याकडे जुनी. चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ होतं. पण बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नसतो, नदी नसते, आणि समोरच्याची फौज कुठे आहे हे दोघांनाही दिसत असतं. ही उणीव भरून काढली प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातल्या राइसविट्झ बापलेकांनी. वडिलांनी १८१२ मध्ये राजासाठी एक मोठं टेबल बनवून घेतलं, त्यावर डोंगर-नद्यांचे तुकडे हवे तसे मांडता येत. मुलगा लष्करात होता. त्याने १८२४ मध्ये नियम छापले: १:८००० प्रमाणाचा नकाशा, नशिबाची बाजू सांभाळायला फासे, आणि कोणाला काय दिसतं ते ठरवणारा पंच. प्रशियाच्या सेनापतींना हा खेळ इतका पटला की तो पलटणींमध्ये पोचला. समोर बसणाऱ्याचा प्रश्न तिथे नव्हताच. छावणीत अधिकारी भरपूर, आणि खेळणं हे कामच.

घरात हा प्रश्न उभा राहिला तो बैठकीच्या खोलीत खेळणी आल्यावर. १८९३ मध्ये ब्रिटनमधल्या विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने शिशाचे पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. पोकळ, म्हणून धातू कमी लागे, म्हणून स्वस्त. मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांकडे पलटणी जमू लागल्या. एच. जी. वेल्स यांच्या घरीही जमल्या. ते तेव्हा सँडगेटला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहत. जेवणाला आलेले एक लेखकमित्र जेवणानंतर मुलांच्या पसाऱ्यातली स्प्रिंगची तोफ उचलून निवांत नेम धरतात आणि एक सैनिक आडवा करतात. तिथून हा खेळ सुरू झाल्याचं वेल्स यांनीच सांगितलंय. १९१३ मध्ये त्यांचं 'लिटल वॉर्स' आलं. त्यात गोळीबारासाठी फासे नाहीत. खरोखरची लाकडी गोळी सुटते, सैनिक पडला तर मेला. चाल करायला घड्याळ लावलेलं. आणि शेवटी युद्धाविरुद्ध कळकळीची पानं, की खऱ्या युद्धापेक्षा ही छोटी लढाई कितीतरी बरी. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

१८९८ मध्ये छापून आलेली मंगळावरच्या आक्रमकांची कादंबरी लिहिणारा हाच माणूस. विज्ञानकथा आणि छोट्या सैनिकांचा खेळ यांची गाठ पुढे कधीतरी बाजाराने घालून दिली, असं बऱ्याच जणांना वाटतं. ती गाठ पहिल्यापासून एकाच घरात होती. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर प्रॅट यांनी आरमारी खेळ बसवला, तेही विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहीत. जमिनीवर लाकडी जहाजं मांडायची, ओणवं होऊन नजरेने अंतराचा अंदाज बांधायचा, तोफेचा पल्ला इंचांत लिहून द्यायचा, मग फूटपट्टी लावून बघायचं. खेळणारे इतके वाढले की घर पुरेना, मग भाड्याने मोठा हॉल घेतला. माझ्या लेखी आमच्या शनिवार-रविवारची खरी सुरुवात त्या हॉलमध्ये आहे.

महायुद्धानंतर खेळाडू होते, पण विखुरलेले. एका गावात एक. फौज रंगवायला वर्ष घालवायचं आणि ती कपाटात ठेवायची. कॅलिफोर्नियातले जॅक स्क्रबी सैनिक ओतून विकत. त्यांनी १९५७ मध्ये 'वॉर गेम डायजेस्ट' हे नियतकालिक काढलं. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचं नियमांचं पुस्तक आलं. अशा कागदांतून लोकांना एकमेकांचा पत्ता लागत गेला.

पुढची पायरी १९६८ ची. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स यांनी ५० डॉलर भाड्याने हॉर्टिकल्चरल हॉल घेतला आणि खेळाडूंना बोलावलं. शंभराच्या आसपास माणसं आली. त्याचं नाव जेन कॉन. आधीच्या वर्षी हीच मंडळी गायगॅक्स यांच्या घरी जमली होती. पुन्हा तेच: घर अपुरं पडलं, हॉल घेतला. आज जेन कॉनला हजारोंनी लोक येतात, पण मला त्या पहिल्या हॉलचं कौतुक जास्त. पत्रांतून ओळखीचा झालेला माणूस पहिल्यांदा टेबलापलीकडे दिसला असेल, तो क्षण काय असेल!

१९७४ हे साल माझ्या पक्कं लक्षात राहतं. त्या वर्षी अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा प्रसिद्ध भूमिकाखेळ आला, ज्यात प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो, आणि 'स्टारगार्ड' हे विज्ञानकथेतल्या छोट्या सैनिकांसाठीचे सुरुवातीचे नियमही. इकडे मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्याच वर्षी नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या कथेला बक्षीस मिळालं. ते टोपणनाव जयंत विष्णु नारळीकरांचं, आद्याक्षरं उलटी केलेलं. आमच्यातले निम्मे जण नारळीकर वाचत मोठे झाले आणि मग फाशांकडे वळले.

१९८७ मध्ये इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने रिक प्रीस्टली यांचा 'वॉरहॅमर ४०,०००' हा दूरच्या भविष्यातल्या लढायांचा खेळ काढला आणि सगळं बदललं. दुकानातच टेबल, दुकानातच प्रतिस्पर्धी. पण ज्यांना दुकान नव्हतं, किंवा ज्यांना दुसरेच नियम आवडत, त्यांना वार्षिक भेटीशिवाय मार्ग उरला नाही. १५ मिलिमीटरचे, ६ मिलिमीटरचे सैनिक, लहान कंपन्यांची यानं: हे सगळं जिवंत राहिलं ते अशा शनिवार-रविवारांमुळे. माणसं शेकडो मैल गाडी चालवून येतात, चार डाव खेळतात, परत जातात.

आमच्याकडे हे उशिरा आलं. बाहेरून मागवलेला डबा कस्टम्ससकट हातात पडेपर्यंत महाग होई. द्रव रेझिनपासून घरीच सैनिक घडवणारे छोटे प्रिंटर आले तेव्हा चित्र पालटलं. आता पुण्यातला एक मित्र रात्री छपाई लावून झोपतो आणि सकाळी आठ सैनिक अल्कोहोलमध्ये धुऊन उन्हात ठेवतो.

कोकणात मात्र रंगाचं तंत्र वेगळं धरावं लागतं. पहिल्यांदा आम्ही जूनच्या शेवटी जमलो होतो. एकाने वीस सैनिकांवर तिथेच मॅट वार्निशचा फवारा मारला. हवेत इतका दमटपणा की पाच मिनिटांत सगळ्यांवर पांढरी साय धरली, तीन महिन्यांचं काम धुक्यात गेलं. तो काही बोलला नाही, डबा मिटून पडवीत जाऊन बसला. तेव्हापासून जानेवारी.

दुसरीकडे, इथली जमीन जे देते ते कुठल्या दुकानात मिळत नाही. चिरेखाणीजवळून जांभ्याचा चुरा आणायचा, काकींच्या जुन्या चाळणीने तीन वेळा चाळायचा. जाड खडे म्हणजे डोंगरकडे, मधला चुरा म्हणजे उतार, आणि शेवटी बोटांना चिकटणारी तांबडी भुकटी कापडावर पसरायची. जांभा लाल असतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, मंगळाची धूळही त्याचमुळे. उलट्या करवंट्या घासून रंगवल्या की वसाहतीचे घुमट. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. फरक एवढाच की दिवाळीच्या किल्ल्यावर कोणी चाल करून येत नाही.

इथून जवळच सावंतवाडी. रविवारी दुपारी परतणारे काही जण तिथल्या राजवाड्यात थांबतात, गंजिफा हे जुने पत्ते बघायला. दशावतारी गंजिफेची १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं. ही चित्रकला विसाव्या शतकात जवळजवळ संपली होती. राजघराण्याने ती शिकून घेऊन पुन्हा उभी केली. पानं आजही हाताने रंगवली जातात, आणि अप्रतिम असतात. पण लोक ती चौकटीत लावायला नेतात. डावाला तीन माणसं लागतात आणि नियम येणारी तीन माणसं एका घरात सापडणं अवघड झालंय. मला तिथे दरवेळी वाईट वाटतं. यंदा आम्ही एक संच घेतला आणि शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर तिघांनी सावकाश, नियमांचा कागद मध्ये ठेवून, एक डाव पुरा केला.

रविवारच्या सकाळचं टेबल अवकाशयानांचं असतं. 'फुल थ्रस्ट' नावाचे ब्रिटिश नियम आहेत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे. प्रत्येकाने आपल्या जहाजाची चाल चिठ्ठीवर गुपचूप लिहायची, मग सगळ्यांनी एकदम हलवायची. मुख्य इंजिन चालू असेल तर मागच्या बाजूला मारा करता येत नाही. काकींचा नववीतला नातू गणेश गेल्या वर्षी नुसता बघत होता. यंदा त्याला चार हलकी यानं दिली आणि समोर पणजीच्या डॉक्टरांचं प्रचंड युद्धजहाज. त्याने थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "दादा, मागे यांका तोफा नाय?" नाहीत, म्हटलं. त्याने शाळेत कान्होजी आंग्र्यांची गलबतं वाचली होती. वल्ह्यांवर चालणारी ती हलकी गलबतं मोठ्या युरोपीय जहाजाच्या पिछाडीला जात, कारण त्याच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत.

चिठ्ठी हाताने झाकून त्याने चार ओळी लिहिल्या. डॉक्टरांनी आपली लिहिली. चिठ्ठ्या उलटल्या, आणि डॉक्टर खुर्ची मागे सारून उभे राहिले.