चार चादरी आणि मधला चौकोन

दहावीला असताना वर्गसमीकरणाचं सूत्र मी जसं पाठ केलं तसंच आता माझ्या भाचीनं पण केलंय, मायनस बी प्लस मायनस अंडररूट बी स्क्वेअर मायनस फोर एसी अपॉन टू ए, एका दमात, आरती म्हणल्यासारखं. मार्क पडतात, प्रश्न नाही. पण परवा तिनं विचारलं, "मामा, ह्यात हे चार कुठनं आलं?" आणि मी गप्प. सर म्हणायचे तसं लिहायचो, इतकंच खरं.

आता सोलापुरातलं घर म्हणल्यावर चादरींना काय तोटा नाही, लग्नाकार्यात आलेल्या कपाटात घड्या घालून पडलेल्या असतात. एकाच मापाच्या चार काढल्या आणि गच्चीवर गेलो. आमची आई खालनं ओरडली, "चादरी काय खेळायला आणल्यात व्हय रे?" तिला उत्तर दिलं नाही.

गणित असं धरू. चादरीची लांबी रुंदीपेक्षा ३ फुटानं जास्त आहे आणि क्षेत्रफळ ४० चौरस फूट, तर रुंदी किती? रुंदी एक्स धरली की एक्स गुणिले (एक्स अधिक ३) बरोबर ४०, म्हणजे एक्स स्क्वेअर प्लस ३ एक्स मायनस ४० बरोबर शून्य. इथं ए १, बी ३, सी उणे ४०.

आता चादरी अंथरायच्या. पहिली उभी, तिच्या डोक्याला लागून दुसरी आडवी, मग तिसरी उभी, चौथी आडवी, लहान पोरांची फिरकी असते तशी गोल फिरवत. बाहेरनं बघितलं तर मोठा चौरस दिसतो, आणि मधे एक बारका चौरस उघडा राहतो, तिथं फरशी दिसते. भाची जाऊन तिथंच मांडी घालून बसली.

मोठ्या चौरसाची एक बाजू म्हणजे एका चादरीची रुंदी आणि दुसरीची लांबी, एकूण दोन एक्स अधिक ३. मधल्या चौरसाची बाजू लांबी वजा रुंदी, म्हणजे ३. मग मोठ्या चौरसाचं क्षेत्रफळ किती? चार चादरींचं १६० आणि मधलं ९, झाले १६९. १६९ चं वर्गमूळ १३. दोन एक्स अधिक ३ बरोबर १३, तर एक्स बरोबर ५. चादर ५ बाय ८.

आता सूत्राकडं बघा. बी स्क्वेअर म्हणजे भाची बसलेली ती जागा, आणि फोर एसी म्हणजे चार चादरी (सी उणा आहे म्हणून मायनस मायनस प्लस होतंय). मुळातनं बी वजा करून दोननं भागायचं, कारण बाजूत एक्स दोनदा आलाय. चार कुठनं आलं, तर चादरीच चार होत्या. एक्स स्क्वेअरच्या मागं १ ऐवजी दुसरा आकडा असला की ४ च्या ऐवजी ४ ए नं गुणायचं, बाकी खेळ तोच.

हा ४ ए नं गुणायचा नियम श्रीधराचार्यांचा. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज हाती नाही, पण भास्कराचार्यांनी ११५० च्या आसपास आपल्या 'बीजगणिता'त तो त्यांच्या नावानं दिला म्हणून आपल्याला कळला. आधी ४ ए नं गुणून घेतलं की अर्ध्याचे, पावाचे अपूर्णांक मधे येत नाहीत. पूर्ण वर्ग पद्धतीत बीचा अर्धा करावा लागतो, इथं दीड आणि सव्वादोन, आणि पोरं तिथंच चुकतात. तसं ब्रह्मगुप्तांनी ६२८ मधेच वर्गसमीकरण सोडवायची रीत शब्दांत लिहून ठेवलीय.

सूत्र दुसरं उत्तर पण देतं, उणे ८. शाळेत "रुंदी ऋण नसते" म्हणून खोडायला लावतात. भास्कराचार्यांनी पण असंच केलंय बरं का! त्यांचं माकडांचं गणित आहे, टोळीच्या पाचव्या भागातनं ३ वजा करून त्याचा वर्ग केला तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय, तर टोळी केवढी? उत्तरं दोन, ५० आणि ५. पण ५ घेतलं तर पाचवा भाग १ आणि त्यातनं ३ वजा म्हणजे उणे २, अशी माकडं लोकांना पटत नाहीत म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

मुळाखालचा भाग, पुस्तकातला विवेचक, उणा आला तर काय? समजा चादरीच्या चार कडांना लावायला २० फूटच पट्टी आहे आणि क्षेत्रफळ ३० पाहिजे. लांबी अधिक रुंदी १०, म्हणजे एक्स गुणिले (१० वजा एक्स) बरोबर ३०, मग बी स्क्वेअर १०० वजा फोर एसी १२०, उणे २०. अशी चादर निघणारच नाही, २० फुटात जास्तीत जास्त ५ बाय ५, म्हणजे २५ चौरस फूट, आणि तिथं विवेचक बरोब्बर शून्य होतो.

एक कबुली द्यायची राहिली. सोलापुरी चादर सहसा ६० बाय ९० इंची असते, म्हणजे ५ बाय साडेसात, मी हिशोबासाठी ८ धरली. भाचीनं ते टेप लावून पकडलंच, मधली जागा अडीच फूट भरली. मग तिनंच परत मांडलं, चार चादरी १५०, मधले सव्वासहा, मूळ साडेबारा, त्यातनं अडीच गेले १०, अर्धे ५.