‘मोठा श्वास घे की!’ हा सल्ला का उलटतो

पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) परीक्षेचा हॉल, लग्नाचा मांडव, नाहीतर खानापूरहून बेळगावला निघालेली गच्च भरलेली बस. कुणीतरी एकदम छातीवर हात ठेवतं, ‘श्वास पुरेना’ म्हणतं, घामाघूम होतं. भोवतीच्या दहांपैकी नऊ जण एकच सांगतात, ‘मोठा श्वास घे की!’ दहावा करोनात घेतलेला ऑक्सिमीटर शोधून बोटाला लावतो. आकडा येतो ९९. मग निष्कर्ष दोनच उरतात: नाटक, नाहीतर बाहेरचं काहीतरी.

आकडाही खरा आणि त्या माणसाचा त्रासही खरा. याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्यात श्वास पुरत नाही असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा तो गरजेपेक्षा जास्त झालेला असतो.

हिशेब करून बघू. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १४ श्वास घेतो, एका श्वासात अर्धा लिटर हवा. त्यातली १५० मिलिलिटर नाक, घसा, श्वासनळी एवढ्यातूनच परत फिरते, फुप्फुसाच्या आतल्या फुग्यांपर्यंत पोचते ३५०. मिनिटाला झाली ४.९ लिटर. आता श्वास २२ झाले आणि प्रत्येक श्वास फक्त १०० मिलिलिटरने वाढला, तर ४५० गुणिले २२, म्हणजे ९.९ लिटर. दुप्पट! आणि शेजारच्याच्या लक्षातही येणार नाही. ऑक्सिजन यानं फारसा वाढत नाही, रक्तात तो वाहून नेणारं हिमोग्लोबिन आधीच भरलेलं असतं. कार्बन डायऑक्साईड मात्र भराभर बाहेर पडतो. रक्तातला त्याचा दाब एरवी ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. हवेची ये-जा दुप्पटच राहिली, तर काही मिनिटांत तो विशीकडे घसरायला लागतो.

कार्बन डायऑक्साईड म्हणजे टाकाऊ वायू, हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं. पण मेंदूच्या रक्तवाहिन्या किती उघडायचं, हे बरंचसं त्याच्यावरून ठरवतात. तो कमी झाला की त्या आवळतात. दाब विशीपर्यंत उतरला तर मेंदूकडचा रक्तपुरवठा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतो. गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी, ‘मी इथं नाहीच’ असं वाटणं, हे सगळं तिथून येतं. वर आणखी एक गंमत. कार्बन डायऑक्साईड कमी असलं की हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, सहजी सोडत नाही. क्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवलेला हा परिणाम (अणूवाले नील्स बोर त्यांचे चिरंजीव). ऑक्सिमीटरला हिमोग्लोबिन किती भरलंय तेवढंच कळतं, ते पेशींना किती मिळतंय ते कळत नाही.

आता हात बघा. अंगठा तळव्यात वळलेला, मनगट वाकलेलं, बोटं मुळाशी दुमडलेली पण पुढं सरळ, टोकं एकमेकांना चिकटलेली. जबरदस्तीनं उघडायला गेलं तर उघडत नाहीत. ‘अंगात आलं’ म्हणतात ते बहुधा हे बघूनच. याच्या आधी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आलेल्या असतात. दोन्हींचं कारण कॅल्शियम.

कार्बन डायऑक्साईड उडून गेला की रक्त अल्कलीकडे झुकतं, हायड्रोजन आयन कमी होतात. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, ती बस समजा. तिच्या सीटवर हायड्रोजनही बसतो, कॅल्शियमही. हायड्रोजन उतरला की रिकाम्या सीटवर कॅल्शियम चढून बसतं आणि स्टँडवर मोकळं फिरणारं कॅल्शियम कमी होतं. हे मोकळं कॅल्शियम चेतातंतूंच्या सोडियमच्या दारांवर पहाऱ्याला असतं. पहारा ढिला पडला की बारीकशा कारणानं दारं उघडतात, तंतू आपोआप ठिणग्या टाकू लागतात: आधी मुंग्या, मग वळलेली बोटं. शरीरातलं एकूण कॅल्शियम तेवढंच असतं, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो आणि कॅल्शियमच्या इंजेक्शनचीही गरज नसते. श्वास शांत झाला की बोटं आपसूक सुटतात.

प्रत्येक अटॅकमध्ये श्वास एवढा वाढतोच असं नाही. वाढला, तर मात्र चक्र पुरं होतं: मुंग्या आल्या, ‘आता मी मरणार’ वाटलं, अ‍ॅड्रेनलिन वाढलं, श्वास आणखी वाढला. त्यात आपण सांगतो, मोठा श्वास घे!

अटॅक साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेकदा अर्ध्या तासात उतरतो. श्रेय त्या अर्ध्या तासात जो हजर असेल त्याला. भगतानं अंगारा लावला तर अंगाऱ्याला, कुणी सलाईन लावलं तर सलाईनला. दोघांची चूक एकाच जातीची आहे, फक्त एकाची पावती मिळते. करणी उतरवायला मारहाण करणं मात्र कर्नाटकात २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

मग करायचं काय? गर्दी हटवा, बसवा, आडवं पाडू नका. तोंड मिटून नाकानं चार मोजेपर्यंत हलका श्वास, मग सहा मोजेपर्यंत सावकाश सोडणं. मिनिटाला सहा श्वास झाले. भर सोडण्यावर, आणि श्वास छोटाच. पाचेक मिनिटं लागतात, मधेच जांभई किंवा उसासा आला तर येऊ दे. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका. खरोखर हृदयविकार किंवा दमा असेल तर पिशवीत ऑक्सिजन घटत जातो आणि ते जिवावर बेतू शकतं.

पहिलाच झटका असेल, वय चाळिशीपुढचं असेल, मधुमेह असेल, छातीवर दडपण येऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर श्वास मोजत बसू नका. थेट दवाखाना, आधी ईसीजी. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडही बघून घ्यावं.

झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि त्या भीतीनं माणूस बस, बाजार टाळू लागला, की उपचार हवेतच. समुपदेशनात ही लक्षणं मुद्दाम थोडी आणून दाखवतात, मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावून, म्हणजे मुंग्यांनी मरत नाही हे शरीराला कळतं. हे मात्र तज्ज्ञासमोरच. गोळ्या लहान डोसपासून चढवतात, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात घाबरेपणा थोडा वाढूही शकतो. बरेच जण नेमक्या तिथंच गोळी सोडतात. अल्प्राझोलाम या शामक गोळीनं अर्ध्या तासात बरं वाटतं, पण तिची सवय लागते. दुकानातून परस्पर आणू नये.

आपल्या बेळगावकडे मोठं केंद्र म्हणजे धारवाडची डिमहान्स, मानसिक आजारांची सरकारी संस्था. फोनवर बोलायचं तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास मोफत. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर कन्नड बोलणारे असले आणि आपण नुसतं ‘एदे नोवु’ म्हटलं, तर ते छातीत दुखण्यापाशीच थांबतात. ‘गाबरी’ म्हणा. आपल्या घाबरण्याच्या सख्ख्या नात्यातला तो कन्नड शब्द. सोबत किती वाजता सुरू झालं, ओठांना मुंग्या होत्या का, बोटं वळली का आणि किती मिनिटांनी उतरलं, एवढं चिठ्ठीवर लिहून न्या.